वन्दा, रास्ना आणि बांडगूळ : एका वृक्षवासी वनस्पतीच्या नांवांचा इतिहास व तिचें संगोपन

(१)

परभणी जिल्ह्यांत गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या आसपास जुन्या गांवठी आंब्यांचीं व बाभळींचीं झाडें जेथें अद्याप उभीं आहेत, तेथें त्यांच्या खोडांवर व आडव्या फांद्यांवर एक निराळीच वनस्पति अधूनमधून बसलेली आढळते. तिचीं पानें जाड, चिवट, पन्हळीसारखीं मध्यें दुमडलेलीं व मागें वळलेलीं असून त्यांचें टोंक कुरतडल्यासारखें दिसतें. पांढरट, बोटाएवढालीं मुळें झाडाच्या सालीला धरून पसरतात व कांहीं हवेंत लोंबत राहतात. उन्हाळ्याच्या उत्तरार्धांत व पावसाळ्याच्या आरंभीं तिला फुलांचे तुरे येतात. पाकळ्या पिंवळट हिरव्या, त्यांवर तपकिरी रेघांच्या चौकटी. मधली ओठासारखी पाकळी जांभळट निळी. आणि वास मंद पण निश्चित. हल्लींच्या वनस्पतिशास्त्रांत हिचें नांव व्हांडा टेस्सेलाटा असें असून ऑर्किड कुलांतील वृक्षवासी वर्गांत तिची गणना होते. मराठी शास्त्रीय लेखनांत या कुलाला ‘आमर’ असें नांव देण्यांत आलेलें आहे. परंतु तें खेड्यापर्यंत पोहोंचलेलें नाहीं.

खेड्यांत या वनस्पतीला दोन नांवें ऐकूं येतात. वैद्यकीची थोडीबहुत माहिती असलेला मनुष्य तिला ‘रास्ना’ म्हणतो. शेतकरी तिला ‘बांदा’ किंवा सरळ ‘बांडगूळ’ म्हणतो. वरवर पाहतां हा केवळ नांवाचा प्रश्न वाटेल. परंतु पहिल्या नांवामुळें ती औषधासाठीं ओरबाडली जाते व दुसऱ्या नांवामुळें झाडाचा शत्रु समजून कोयत्यानें खरवडून काढली जाते. दोन्ही नांवें तिच्या नाशास कारण होत असल्यामुळें तीं तिला कोठून व केव्हां चिकटलीं, आणि त्यांना आधार कितपत आहे, याचा शोध घेणें हें भाषेच्या अभ्यासकाचें काम आहे. तें करण्याचा प्रस्तुत लेखांत प्रयत्न केला आहे. शेवटीं तिच्या संगोपनाची माहितीही दिली आहे; कारण एखाद्या वस्तूचें नांव सुधारून ती वस्तुच नाहींशी झाली तर संशोधनाचा उपयोग काय?

(२)

प्रथम ‘वन्दा’ हा शब्द घेऊं. अमरकोशाच्या द्वितीय कांडांतील वनौषधिवर्गांत या अर्थाचे चार शब्द एकत्र दिलेले आहेत : वन्दा, वृक्षादनी, वृक्षरुहा आणि जीवन्तिका. कोशकारानें हे पर्याय मानले आहेत. परंतु व्युत्पत्तीच्या दृष्टीनें पाहिलें तर त्यांपैकीं मधल्या दोन शब्दांत फार मोठें अंतर आहे. ‘वृक्षादनी’ यांत अद् म्हणजे खाणें हा धातु आहे; झाडाला खाणारी ती वृक्षादनी. ‘वृक्षरुहा’ यांत रुह् म्हणजे उगवणें, वाढणें हा धातु आहे. झाडावर वाढणारी ती वृक्षरुहा. पहिल्या शब्दांत झाडाच्या हानीचा आरोप आहे. दुसऱ्यांत केवळ निवासस्थानाचा निर्देश आहे.

निसर्गांत हे दोन वर्ग खरोखरीच भिन्न आहेत. आपल्याकडे आंब्यावर सर्रास दिसणारें खरें बांडगूळ हें वृक्षादनी या नांवाला सर्वस्वीं पात्र आहे. त्याचें चिकट बीं फुलटोच्यासारख्या पक्ष्यांच्या द्वारें फांदीवर पडतें, तेथेंच रुजतें, आणि त्याचें मूळ सालींतून आंत शिरून झाडाचा रस शोषूं लागतें. त्या जागीं फांदीला गांठ येते व पुढील भाग हळूहळू वाळत जातो. उलट रास्ना म्हणविली जाणारी वनस्पति झाडाच्या आंत कोठेंच शिरत नाहीं. तिचीं मुळें सालीच्या बाहेर राहतात. पावसाचें पाणी, दंव, धूळ व सालीच्या खोबणींत सांचलेला कुजका पाला यांवर तिचा निर्वाह होतो. ज्या झाडावर ती राहते त्याच्यापासून ती आधार घेते, अन्न घेत नाहीं. एखाद्या धर्मशाळेंत उतरलेला प्रवासी आणि धान्याच्या कोठारांत शिरलेला उंदीर यांना एकाच नांवानें हाक मारावी, तसा प्रकार येथें झाला आहे. भेद दाखविणारे शब्द भाषेंत होते. पण कोशांत ते एका ओळींत बसले आणि भेद पुसला गेला.

‘जीवन्तिका’ या चौथ्या शब्दाचीही हीच स्थिति आहे. हाच शब्द अमरानें गुळवेलीच्या पर्यायांतही दिला आहे. कोशकाराचा हेतु कवि व पाठक यांना शब्दसंपत्ति पुरविण्याचा होता. वनस्पतींचीं लक्षणें सांगण्याचा नव्हता, हें येथें ध्यानांत ठेविलें पाहिजे. ‘वन्दा’ याचाच अपभ्रंश ‘बांदा’ होय, आणि तो शब्द उत्तर भारतांत व आपल्याकडेही सर्व प्रकारच्या झाडावरील झाडांना सरसकट लावला जातो. मराठींत तर ‘बांडगूळ’ हा शब्द दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या मनुष्याला उद्देशून शिवी म्हणून वापरतात. अशा नांवाखालीं नोंद झाल्यावर त्या वनस्पतीला न्याय कोठून मिळणार!

(३)

या जुन्या घोटाळ्यांत पुढें युरोपीय विद्वानांनीं भर घातली, आणि ती कशी घातली हा इतिहास मनोरंजक आहे.

पश्चिम किनाऱ्यावरील वृक्षवासी ऑर्किडांचें पहिलें विस्तृत सचित्र वर्णन ‘होर्तुस मलाबारिकुस’ या लॅटिन ग्रंथांत आढळतें. कोचीनचा डच अधिकारी हेन्द्रिक व्हान रेडे यानें तो सिद्ध करविला व १६७८ ते १६९३ या काळांत अ‍ॅम्स्टरडॅम येथें तो बारा खंडांत छापला गेला. या ग्रंथाच्या कामांत इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याबरोबरच रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांचें साह्य होतें. त्यांचें १६७५ सालचें कोंकणी भाषेंतील प्रमाणपत्र नागरी लिपींत त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडांत छापलेलें आहे. आपल्या भाषाभगिनीचा व लिपीचा हा युरोपांतील मुद्रणाचा फार जुना नमुना होय. बाराव्या खंडांत ‘मरवर’ या सामान्य नांवाखालीं अनेक वृक्षवासी वनस्पति दिल्या आहेत व प्रत्येकीचें नांव तिच्या आश्रयवृक्षावरून ठेविलें आहे : अंजिली म्हणजे रानफणस, त्यावरची ती ‘अन्स्येली मरवर’; बीटी म्हणजे शिसवी, त्यावरची ती ‘बीटी मरवर’. मूळ मलयाळम शब्द ‘मरवाळ’ हा असून ‘मरम्’ म्हणजे झाड व ‘वाळ’ म्हणजे केळ. म्हणजे झाडावरची केळ असा त्याचा अर्थ. मलबारच्या लोकांनीं दिलेल्या या नांवांत त्या वनस्पतीवर परोपजीवीपणाचा आरोप मुळींच नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

लिनीअस यानें १७५३ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत असल्या बहुतेक वृक्षवासी ऑर्किडांना ‘एपिडेन्ड्रम’ या एकाच जातीखालीं घातलें. ग्रीक भाषेंत ‘एपि’ म्हणजे वर आणि ‘डेन्ड्रॉन’ म्हणजे झाड. म्हणजे लिनीअसचा एपिडेन्ड्रम हा आपल्या ‘वृक्षरुहा’चा अर्थदृष्ट्या सख्खा भाऊ होय. रेडेची अन्स्येली मरवर ही त्याच्या ग्रंथांत ‘एपिडेन्ड्रम रेटुसम’ झाली. सह्याद्रींत तिलाच ‘सीतेची वेणी’ म्हणतात. आणि तीच ‘कपौ फूल’ या नांवानें आसामांत बिहूच्या दिवसांत स्त्रिया केसांत माळतात.

यापुढील पायरी सर विल्यम जोन्स याची. संस्कृत जाणणारा हा कलकत्त्याचा न्यायाधीश वनस्पतींचाही अभ्यासक होता. शास्त्रीय नांवें शक्य तेथें देशी भाषांतून घ्यावीं असा त्याचा आग्रह असे. त्याचा भारतीय वनस्पतींवरील निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७९५ सालीं, ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या चौथ्या खंडांत प्रसिद्ध झाला. त्यांत एका वृक्षवासी फुलझाडाचें वर्णन त्यानें ‘वन्दा’ या शीर्षकाखालीं केलें आहे. त्याच सुमारास विल्यम रॉक्सबर्ग यानें कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या आपल्या ग्रंथांत आपल्या प्रस्तुत वनस्पतीला ‘एपिडेन्ड्रम टेस्सेलाटम’ असें नांव दिलें. लॅटिन भाषेंत ‘टेस्सेला’ म्हणजे फरशीच्या नक्षीकामांतील लहान चौकोनी तुकडा. पाकळ्यांवरील चौकटींना तें नांव शोभतें. नंतर १८२० सालीं लंडनच्या ‘बोटॅनिकल रजिस्टर’मध्यें रॉबर्ट ब्राउन यानें जोन्सचा ‘वन्दा’ हा शब्द उचलून त्याची स्वतंत्र जाति केली व आपल्या वनस्पतीस रॉक्सबर्गच्या स्मरणार्थ ‘व्हांडा रॉक्सबर्घाय’ म्हटलें. पुढें १८३० सालीं रॉक्सबर्गचें मूळ विशेषण परत जोडून ‘व्हांडा टेस्सेलाटा’ हें नांव सिद्ध झालें व तेंच आज मान्य आहे.

या घटनेचा परिणाम असा झाला कीं, ‘वन्दा’ हा शब्द अमरकोशांत ज्या वर्गाला होता त्यांतील परोपजीवी भाग मागें राहिला, आणि जी कोणाचें रक्त शोषीत नाहीं तिच्याच माथीं तो जगभर कायमचा बसला. आज सिंगापूर, थायलंड, हवाई अशा दूरच्या देशांतील फुलबागांत व्हांडाच्या शेंकडों संकरित जाति वाढविल्या जातात. त्यांच्या पाट्यांवर एक संस्कृत शब्द लिहिलेला असतो, ही गोष्ट अभिमानाची खरी. पण त्या शब्दाचा मूळ अर्थ तेथील बागवानांना कळला तर त्यांना हसूं येईल.

(४)

आतां ‘रास्ना’. चरकानें सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायांत निरनिराळ्या कार्यांत श्रेष्ठ ठरणाऱ्या द्रव्यांची जी यादी दिली आहे, तींत वातहर द्रव्यांत रास्नेला अग्रस्थान आहे. संधिवातादि विकारांवर रास्नासप्तक, महारास्नादि काढा इत्यादि योग आजही वैद्य देतात. असें हें महत्त्वाचें द्रव्य असून तें नक्की कोणतें, याविषयीं मात्र एकवाक्यता नाहीं. उत्तर भारतांत प्लुचिया लॅन्सिओलाटा या लहान झुडपाचीं पानें रास्ना म्हणून घेतात व भारत सरकारच्या आयुर्वेदीय औषधिकोशानें तींच प्रमाण मानलीं आहेत. दक्षिणेंत कोळिंजनाचा कंद रास्ना म्हणून चालतो. वंगदेशांत आपली वृक्षवासी व्हांडा रास्ना ठरते. तिचीं मुळें तेथील वैद्य वापरीत आले. आपल्याकडील कांहीं वनौषधिग्रंथांतही हाच वंगीय पक्ष उतरलेला दिसतो.

कोशांचा पुरावा काय सांगतो? अमरकोशांत रास्ना हा शब्द एकदां नव्हे, दोन ठिकाणीं येतो. एके ठिकाणीं तो नाकुली, सुरसा, सुगन्धा, गन्धनाकुली, भुजंगाक्षी, छत्राकी, सुवहा यांच्या पंक्तींत आहे. दुसरे ठिकाणीं एलापर्णी, सुवहा व युक्तरसा यांच्या पंक्तींत आहे. म्हणजे अमराच्या काळींच या नांवाखालीं एकाहून अधिक द्रव्यें वावरत असावींत असें अनुमान करण्यास जागा आहे. पुढें राजनिघंटूंत नरहरि पंडितानें तर मूळ, पत्र व तृण असे रास्नेचे तीन भेद स्पष्टच सांगितले. एकाच नांवाचीं निदान तीन द्रव्यें त्याला ठाऊक होतीं.

यांत आपल्या वनस्पतीचा दावा कितपत टिकतो? प्रस्तुत लेखकाच्या मतें फारसा टिकत नाहीं. कारण एक : ‘एलापर्णी’ म्हणजे वेलदोड्यासारखीं पानें असलेली. कोळिंजन हें वेलदोड्याच्याच कुलांतील असल्यामुळें त्याला हें नांव तंतोतंत लागू पडतें. व्हांडाचीं जाड, अरुंद, दुमडलेलीं पानें पाहून कोणालाही वेलदोडा आठवणार नाहीं. कारण दुसरें : अमरकोश व भावप्रकाश या दोहोंत मिळून रास्नेचे जे पर्याय येतात, त्यांत झाडावर राहणारी या अर्थाचा एकही शब्द नाहीं. ज्या वनस्पतीचें सर्वांत ठळक लक्षण तिचा वृक्षनिवास, तिच्या दहा-पंधरा नांवांत त्या लक्षणाचा एकदांही उल्लेख नसावा, हें संभवनीय वाटत नाहीं. संस्कृत निघंटुकारांना असले शब्द घडविण्याची अडचण नव्हती. ‘वृक्षरुहा’ तयारच होता.

मग वंगीय वैद्यांनीं तिला रास्ना कां मानलें? याचें उत्तर निघंटूंच्या रचनापद्धतींत सांपडण्याजोगें आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानें तेराव्या शतकांत जें वैद्यकवाङ्मय आपल्या प्रदेशांत निर्माण झालें, त्याचेंच उदाहरण घेऊं. हेमाद्रीनें अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. बोपदेवाचा पिता केशव यानें ‘सिद्धमंत्र’ हा निघंटु रचला व बोपदेवानें त्यावर ‘प्रकाश’ ही टीका केली. सिद्धमंत्रांत द्रव्यांचे वर्ग वात, पित्त व कफ यांवरील त्यांच्या परिणामानुसार पाडले आहेत. चिकित्सकाला ही मांडणी फार सोयीची. परंतु रानांत उभें राहून झाड ओळखूं पाहणाराला तिचा उपयोग नाहीं. गुण ग्रंथांत राहिला, रूप रानांत राहिलें. चरक व सुश्रुत दोघांनींही वनस्पतींचीं रूपें गुराखी, धनगर, तापसी, व्याध व वनवासी लोकांकडून जाणून घ्यावीं असें सांगून ठेविलें होतें. तो संबंध जसजसा तुटत गेला, तसतसें जवळ जें मिळेल तें द्रव्य जुन्या नांवानें घेण्याची प्रवृत्ति वाढली. यांत कोणाचा अप्रामाणिकपणा नव्हता. तो परंपरेचा एक तुटलेला दुवा होता.

वंगीय व्यवहाराला कांहींच अर्थ नाहीं असें मात्र येथें सुचवावयाचें नाहीं. एखाद्या द्रव्याचा गुण परंपरेनें अनुभवला असेल तर तो त्या द्रव्याचा गुण म्हणून तपासावा. परंतु चरकाची रास्ना म्हणून आपल्या आमराईंतील वनस्पति उपटण्यास शास्त्राचा आधार दाखवितां येणार नाहीं, एवढेंच प्रतिपाद्य आहे.

(५)

आपल्या जिल्ह्यांतील या वनस्पतीची शास्त्रीय नोंद फार उशिरां झाली, याला राजकीय इतिहास कारण आहे. अकबराच्या काळीं वऱ्हाड सुभ्यांतील एक सरकार असलेला पाथरीचा प्रदेश पुढें निजामाच्या राज्यांत गेला व १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तेथेंच राहिला. मुंबई इलाख्यांतील वनस्पतींवर डाल्झेल व गिब्सन यांचा ग्रंथ १८६१ सालीं निघाला. थिओडोर कुक याचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत पुरा झाला. मद्रास इलाख्यासाठीं गॅम्बल याचा ग्रंथ १९१५ पासून निघूं लागला. इलाख्यांच्या सीमेवर वनस्पति थांबत नसल्या तरी ग्रंथ थांबत असत. त्यामुळें मराठवाडा दोहोंच्या मध्यें वगळला गेला. १९५६ सालीं हा भाग मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. मराठवाड्याच्या वनस्पतींचा समग्र ग्रंथ मात्र वि. ना. नाईक यांच्या परिश्रमानें १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे कोकणची वनस्पति ग्रंथांत उतरल्यानंतर सव्वाशेंहून अधिक वर्षें परभणीच्या वनस्पतीला वाट पाहावी लागली. दरम्यान किती आमराया तुटल्या याचा हिशेब कोणीं ठेविला नाहीं.

वृक्षवासी वनस्पतीचें जीवन आश्रयवृक्षाच्या वयाशीं बांधलेलें असतें. खडबडीत, भेगाळलेल्या सालीचें जुनें झाड असेल तरच तिचें बीं तेथें टिकतें. पूर्वींच्या राज्यकर्त्यांना जुन्या झाडाचें मोल कळत होतें. प्राचीन ताम्रपटांत गांव दान देतांना तो ‘सवृक्षमालाकुल’ म्हणजे वृक्षराजीसह दिला असें म्हणण्याची पद्धति आढळते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारासाठीं लांकूड घेतांना रयतेचे आंबे व फणस तिच्या संतोषावांचून तोडूं नयेत, कारण तीं झाडें लेंकरांप्रमाणें दीर्घकाळ वाढविलेलीं असतात, अशा अर्थाची ताकीद आहे. ही ताकीद वृक्षवासी वनस्पति डोळ्यांपुढें ठेवून दिलेली नव्हती. पण तिचा लाभ तिलाही झाला असला पाहिजे. हल्लीं रस्ता रुंद करतांना एक जुना आंबा पडतो तेव्हां एकच झाड पडत नाहीं. त्याच्या अंगावरचें एक लहानसें गांवच उठतें.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यांत असेंही आलें आहे कीं, एका आमराईंत झाडें निरोगी करण्याच्या सद्हेतूनें मजुरांकडून सर्व ‘बांडगूळ’ काढविण्यांत आलें. खरें बांडगूळ उंच फांद्यांवर असल्यामुळें बरेंचसें राहून गेलें. हाताशीं येणारी रास्ना मात्र ढीगभर खालीं पडली. पुढच्या वर्षीं आंब्याची प्रकृति सुधारली नाहीं. फुलें मात्र दिसेनाशीं झालीं. शब्दाच्या अर्थाचा असा परिणाम प्रत्यक्ष पाहिल्यावर कोशांतील एका ओळीचें महत्त्व कळतें.

शेतकऱ्यांच्या सोयीसाठीं ओळखीची साधी खूण सांगतों. मूळ पाहावें. फांदीला गांठ येऊन तिच्या आंतूनच दुसरी फांदी फुटल्यासारखी दिसली व मूळ बाहेर दिसेना, तर तें बांडगूळ. तें फांदीसह कापावें. सालीवर पांढरीं मुळें बाहेरून पसरलेलीं दिसलीं व बोटानें हलकेंच उचलल्यास सालीपासून सुटूं लागलीं, तर ती वृक्षरुहा. तिला राहूं द्यावें.

(६)

आतां संगोपन. बृहत्संहितेंतील वृक्षायुर्वेदाध्याय, सुरपालाचा ‘वृक्षायुर्वेद’ व शार्ङ्गधराचा ‘उपवनविनोद’ या ग्रंथांत बागाइताचें ज्ञान विपुल आहे. परंतु त्यांची मुख्य दृष्टि भूमि, खड्डा, खत व सेचन यांवर आहे, आणि आपल्या वनस्पतीला तर भूमिच नको. मातींत लावल्यास ती हमखास कुजते. युरोपीयांनाही हें कळण्यास वेळ लागला. उष्ण देशांतील म्हणून त्यांनीं आरंभीं वृक्षवासी ऑर्किडांना कोंडलेल्या, वाफेनें तापविलेल्या कांचगृहांत ठेविलें व असंख्य रोपें मारलीं. चॅट्सवर्थ येथील बागेचा अधिकारी जोसेफ पॅक्स्टन यानें हवा खेळती ठेवण्याची पद्धत पाडली. त्यानेंच जॉन गिब्सन या माळ्याला १८३५ सालीं हिंदुस्थानांत पाठविलें व त्यानें खासी टेंकड्यांतून पुष्कळ ऑर्किडें नेलीं. झाडावरच्या वनस्पतीला सर्वांत प्रथम वारा पाहिजे, हा धडा त्यांनीं मोठी किंमत देऊन घेतला. आपल्या गुराख्याला तो फांदीकडे पाहूनच कळला असता.

रोप कोठून आणावें? उभ्या झाडावरून काढूं नये. वादळानें मोडलेल्या फांदीवर, किंवा तोडलेल्या झाडावर जें सांपडेल तें उचलावें. त्याला आश्रय देणें हें जीवदानच होय. नाहीं तर परवानाधारक रोपवाटिकेंतून घ्यावें. सर्वच ऑर्किडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार निर्बंधित असून निळी व्हांडा ही जाति १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत नांवानिशीं संरक्षित आहे.

बांधण्यास योग्य काळ मृगाचा पाऊस स्थिरावल्यानंतरचा. आंबा, बाभूळ, चिंच, कडुनिंब अशा खडबडीत सालीच्या झाडाची, सकाळचें ऊन येणारी व दुपारीं पानांची सावली असणारी फांदी निवडावी. पेरू व निलगिरी यांची साल सोलून निघत असल्यानें तीं टाळावींत. रोप काथ्यानें किंवा सुती पट्टीनें बांधावें. तांब्याची तार वापरूं नये, ती मुळांना बाधते. मुळें सालीवर मोकळीं पसरावींत, त्यांवर माती किंवा शेण लिंपूं नये. नवीं मुळें सालीला धरलीं म्हणजे बंध आपोआप कुजून जातो. अंगणांत झाड नसेल तर लांकडी पट्ट्यांच्या टोपलींत कोळशाचे व विटांचे मोठे तुकडे घालून रोप बसवावें व टोपली वाऱ्यावर टांगावी.

या मुळांची रचना जाणली म्हणजे पाणी किती द्यावें हें निराळें सांगावें लागत नाहीं. मुळाभोंवतीं मृत पेशींचें स्पंजासारखें पांढरें आवरण असतें. पाणी पडतांच तें शोषून घेतें व आंतील हिरवा रंग दिसूं लागतो; वाळलें म्हणजे पुन्हा पांढरें होतें. मूळ पांढरें झालें म्हणजे पाणी द्यावें, हिरवें असतांना देऊं नये. वैशाखांत परभणीचा पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हां पहांटे व सूर्यास्तापूर्वीं असें दोनदां शिंपावें. भर दुपारीं पानांच्या बेचक्यांत पाणी सांचूं देऊं नये. तेथें तें तापून कोंब कुजतो. थंडींत दोन-तीन दिवसांआड पुरे. ही वनस्पति दिवसा पानांचीं रंध्रें मिटून घेते व रात्रीच्या गारव्यांत हवा घेते. कोरड्या मुलखांत ती तगून राहते याचें हें एक मुख्य कारण आहे. पानें गर्द हिरवीं व लुसलुशीत झालीं तर ऊन कमी पडतें असें समजावें. लालसर किंवा पिंवळीं पडलीं तर अधिक होतें. वाढीच्या दिवसांत अगदीं पातळ खतपाणी पंधरवड्यानें एकदां द्यावें. दाट दिल्यास मुळें जळतात. कुजलेला भाग धारदार सुरीनें कापून ती जागा कोरडी राहूं द्यावी. जुन्या रोपाच्या बुडाशीं फुटवा आला असतां त्याला स्वतःचीं दोन-तीन मुळें फुटेपर्यंत वाट पाहावी, मगच तो वेगळा करावा.

बियांपासून रोप करण्याचा नाद सामान्य माणसानें धरूं नये. एका बोंडांत धुळीसारखें बारीक बीं हजारोंनीं असतें, पण त्यांत अन्नाचा साठा नसतो. विशिष्ट बुरशीची सोबत मिळाल्याखेरीज तें रुजत नाहीं, हें फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बर्नार्ड यानें १८९९ सालीं ओळखलें. बुरशीवांचून साखरयुक्त माध्यमावर तें रुजवितां येतें हें अमेरिकेंतील लुईस नुड्सन यानें १९२२ सालीं दाखविलें. आज प्रयोगशाळांतून याच पद्धतीनें रोपें होतात. परभणीस १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे. आपल्या भागांतील या देशी जातीचीं रोपें तेथें तयार होऊन जुन्या आमरायांत परत बसविलीं जातील, तर तें काम पुरातन देवळाच्या जीर्णोद्धाराच्याच तोलाचें होईल.

(७)

वरील विवेचनाचा इत्यर्थ असा. पहिला : ‘वन्दा’ हा शब्द मूळांत वृक्षादनी व वृक्षरुहा या दोन भिन्न वर्गांना सरसकट लागू होता, व्हांडा ही केवळ वृक्षरुहा असून तिला बांडगूळ म्हणणें चुकीचें आहे. दुसरा : चरकोक्त रास्ना ही व्हांडा होय असें मानण्यास अमरकोश व भावप्रकाश यांतील पर्यायनामांचा आधार मिळत नाहीं. तिसरा : मराठवाड्याची वनस्पतिनोंद उशिरां झाल्यामुळें स्थानिक नांवांचा संग्रह अद्याप व्हावयाचा आहे. ‘वृक्षरुहा’ हें नांव जुनें आहे, अर्थानें अचूक आहे आणि कोणाच्याही मालकीचें नाहीं. तें मराठींत पुन्हा रूढ करण्यास हरकत नसावी.

जिंतूर, पाथरी, सेलू, गंगाखेड, पालम इत्यादि तालुक्यांतील वाचकांनीं आपापल्या गांवच्या वृद्ध गुराख्यांकडून, वैदूंकडून व आजीबाईंकडून या वनस्पतीचें नांव, ती ज्या झाडावर आढळते त्याचें नांव व तिच्याविषयींच्या समजुती टिपून घ्याव्या. जुन्या बाडांत रास्नेविषयीं एखादी टीप सांपडल्यास तीही उतरून घ्यावी. हें काम खर्चाचें नाहीं, पण त्याला मुदत आहे : सांगणारीं माणसें आणि जुनीं झाडें दोन्हीं थकत चाललीं आहेत.